बोट परत आली की समजायचं

सुलेय बेट
२१ सप्टेंबर २०२३

प्रिय हाल्दीस,

दोन लांब आणि एक आखूड. तो भोंगा तुला आठवतो का गं? पांढरी बोट खाडीच्या तोंडाशी आली की आधी तो वाजायचा, मग समोरच्या डोंगरावर आपटून परत यायचा, आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले की शाळेच्या खिडकीची तावदानं थरथरायची. सुन्नीवाबाई खडू खाली ठेवायच्या, हात झटकायच्या आणि म्हणायच्या, "चला, सदरे काढायची तयारी ठेवा."

सत्तावन्न साल. मी दहा वर्षांचा, तू अकराची. बेटावरची सगळी पोरं धक्क्यावर उघड्या छातीनं रांगेत उभी, दातांवर दात वाजतायत. बोटीच्या पोटात ते क्षयरोग शोधायचं यंत्र होतं. त्याच्या गार पत्र्याला छाती टेकवायची आणि श्वास धरायचा. किती वेळ धरायचा हे लहानग्यांना कळेना, म्हणून बाईंनी युक्ती काढली होती. वाचनमालेतल्या कवितेच्या दोन ओळी मनात म्हणायच्या आणि संपल्या की श्वास सोडायचा:

लाट येते, लाट जाते, खडक हलत नाही,
खिडकीमधला दिवा कुणी विझू देत नाही.

बोट निघून गेली की बेटावर कोणी मोठ्यानं बोलत नसे. बायका धुणं वाळत घालताना खाडीकडे बघत. नियम सगळ्यांना ठाऊक होता. बोट पुढच्या बेटांकडे गेली आणि आलीच नाही, तर सगळे बरे. बोट परत आली की समजायचं, कोणाच्या तरी छातीत डाग निघाला. त्या वर्षी ती परत आली. तुझ्यासाठी आली. तू लाल टोपी घालून बोटीच्या मागच्या बाजूला उभी होतीस. मी हात हलवत होतो आणि तू हलवत नव्हतीस. शहात्तर वर्षांच्या आयुष्यात मी बरंच काही विसरलो, पण ती टोपी धुक्यात लहान लहान होत गेलेली अजून दिसते.

आज हे सगळं आठवायला कारण घडलं. गेल्या आठवड्यात फेरीबोटीतून एक पांढरी बस उतरली आणि दुकानासमोर जाऊन उभी राहिली. उतरताना फेरीचा भोंगा वाजला आणि माझ्या हातातली दुधाची पिशवी गळून पडली. दुकानातली आस्लोग म्हणाली, "एलिंग, दूध सांडलंस ते सांडलंस, आता रक्त देऊन ये." तू उन्हाळ्यात लिहिलं होतंस ना, ते कॅन्सर लवकर पकडायच्या नव्या चाचणीचं संशोधन, तीच बस.

आत वेन्के नावाची नर्स होती. लाल हातमोजे टेबलावर काढून ठेवलेले, बोलायला चुरचुरीत.

"घाबरलात का आजोबा?"

"सुईला नाही."

"मग कशाला?"

मी म्हटलं, "तुम्ही नक्की काय बघता ते आधी सांगा." ती म्हणाली, गाठ हाताला लागायच्या किंवा दुखायच्या कितीतरी आधी तिचे बारीक कण रक्तात फिरत असतात. ते नुसत्या रक्तावरून पकडता येतात का, आणि पकडल्यानं माणसं खरंच वाचतात का, ते बघायचंय.

"म्हणजे तुम्हालाच ठाऊक नाही?"

"ठाऊक असतं तर तुम्हाला फेरीच्या तोंडाशी कशाला गाठलं असतं?"

मग तिनं गंमत सांगितली. अर्ध्या लोकांचं रक्त लगेच तपासतात. उरलेल्या अर्ध्यांचं गोठवून ठेवतात आणि काही वर्षांनी उघडतात, म्हणजे दोन्ही गटांचं काय झालं ते ताडून पाहता येतं. कोण कुठल्या अर्ध्यात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यंत्र ठरवतं. देणाऱ्याला सांगत नाहीत. तपासलं आणि काही आढळलं, तर फोन येतो. नाही आढळलं किंवा तपासलंच नाही, तर काहीच येत नाही.

"आणि मी फोन उचललाच नाही तर?"

"मग मी येईन की, तुमच्याकडे कॉफी प्यायला."

सगळी बस हसली. मीही हसलो. घरी आलो, माझ्या मारेनच्या रिकाम्या खुर्चीत बसलो, आणि तेव्हापासून हाल्दीस, मी खाडीकडे बघतोय.

तुझा,
एलिंग

*

बर्गेन
४ ऑक्टोबर

प्रिय एलिंग,

तुझं पत्र वाचलं आणि उठून खिडकी लावून घेतली, इतका तुझ्या त्या धक्क्यावरचा गारठा आत आला. कवी व्हायचं सोडून जन्मभर कारखान्यात मासेमारीची जाळी कसली शिवत बसलास तू!

पण एक गोष्ट तू दर वेळी चुकीची सांगतोस. ती बोट तू अशी रंगवतोस, जणू प्रेतं न्यायला येत होती. अरे, मला तिनं वाचवलं. ती परत आली नसती तर आज तुला टोमणे मारायला कोणी उरलं नसतं. हात हलवला नाही, कारण हात आईनं दिलेल्या डब्यात अडकले होते, आणि डबा सोडला तर वाफल समुद्रात जातील अशी भीती होती. मरणाची नव्हती. अकराव्या वर्षी मरण कोणाला कळतं?

सॅनेटोरियमच्या गच्चीवर आम्हाला ब्लँकेटांत गुंडाळून रांगेनं निजवायचे, बर्फ पडत असला तरी. तिथेच तुझं पहिलं पत्र आलं होतं. त्यात अख्खी कविता उतरवलेली आणि खाली लिहिलेलं, "तू मेलीस का? लगेच कळव." तेव्हापासून आपण लिहितोय. फोन कधी केला नाही. आपल्याकडे फोन म्हणजे कोणीतरी गेलं. मारेन गेली तेव्हा तू केलास, तेवढाच.

मारेनचं नाव निघालंच आहे तर बोलते. तुझ्या बायकोसाठी कुठलीच बोट आली नाही. पोट दुखतं, पोट दुखतं म्हणत तिनं एक हिवाळा काढला, आणि डॉक्टरांनी बघितलं तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. बर्फ वितळायच्या आत गेली. ती बस तिच्या वेळी आली असती तर तू तिला उचलून आत नेलं असतंस. मग स्वतःसाठी एवढं रडगाणं कशाला?

मी चाळीस वर्षं नाटकवाल्यांचे कपडे शिवले. पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी माप घ्यायला बोलावणाऱ्यांचं मी काय करायचे, ते तुला माहीत आहे. माप वेळेवर घ्यायचं असतं.

मीसुद्धा रक्त दिलंय, ऑगस्टमध्ये. आमच्याकडे बस नाही, ग्रंथालयाच्या तळघरात घेतलं. अजून कोणी विचारलेलं नाही. माझी बाटली बहुतेक गोठलेल्या कॉड माशांशेजारी पडली असेल.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. फोन वाजला तर उचल.

हाल्दीस

*

सुलेय
२० ऑक्टोबर

प्रिय हाल्दीस,

डब्यात वाफल होते हे इतक्या वर्षांनी कळलं. माझ्या मनातलं ते चित्र आता पुन्हा नव्यानं काढायला हवं.

फोनचं म्हणशील तर तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलाय. जेवताना समोर, झोपताना उशाशी. वाजत नाही. परवा वाजला आणि मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिलो. आस्लोग होती. "मटण आलंय, ठेवू का?" मी म्हटलं, "आस्लोग, यापुढे मटणासाठी फोन करू नकोस, निरोप धाड." ती म्हणाली, "तुला मी वर्षानुवर्षं ओळखते, पण मेंढीला घाबरताना पहिल्यांदा बघतेय."

खोटं बोलत नाही, आंघोळीच्या वेळी मी स्वतःचं पोट दाबून बघतो. इथे दाबतो, तिथे दाबतो. जाळ्यातली फाटकी जागा मी डोळे मिटून बोटांनी शोधायचो, माहीत आहे ना तुला? तीच बोटं आता स्वतःवर फिरवतो आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी लागल्यासारखं वाटतं. मारेनचं पोट मी कधी असं दाबून पाहिलं नव्हतं. ती "काही नाही रे" म्हणायची, आणि ते मला पुरायचं.

पण आताशा जरा धीर आला आहे. इतके दिवस कोणी फोन केला नाही. म्हणजे एक तर माझं रक्त स्वच्छ आहे, नाहीतर मी गोठलेल्या अर्ध्यात आहे, आणि गोठलेलं असणं मला काही वाईट वाटत नाही. बर्फाखाली मातीत बी निजतं तसं माझं रक्त कुठेतरी कपाटात निजलंय. कोणी उठवू नये. रोज संध्याकाळी खिडकीत दिवा लावतो, मारेन लावायची तसाच, आणि खाडीकडे बघतो. बोट परत आलेली नाही. यंदाही आपण सगळे बरे.

नाताळाला ये ना इकडे. किती वर्षं झाली तू बेटावर पाऊल ठेवून. वाळवलेलं मटण आहे, बटाटे आहेत, आणि ऐकणारं कोणी असेल तर मी कविता म्हणतो.

एलिंग

*

बर्गेन
१ नोव्हेंबर

प्रिय एलिंग,

थोडक्यात लिहिते. पडदे शिवायला घेतलेत, टेबलभर कापड पसरलंय, म्हणून पेन्सिलीनं आणि मांडीवर कागद ठेवून लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस.

मी बरी आहे. माझी बाटली गोठलेली आहे हे आता जवळजवळ नक्की. नाताळाचं बघू.

एक काम कर. त्या कवितेच्या पुढच्या दोन ओळी मला लिहून पाठव. लाट आणि दिवा आठवतात. पुढे नावेचं काहीतरी होतं. मला त्या पाहिजेत. कशाला, ते विचारू नकोस, आणि लवकर पाठव.

फोन जवळ ठेवतोस ना? ठेव.

हाल्दीस

*

सुलेय
१० नोव्हेंबर

प्रिय हाल्दीस,

आधी तुझं काम. डोळे मिटले की बाईंच्या निळ्या अक्षरात दिसतात:

नाव गेली धुक्यात तरी हाक थांबत नाही,
काठावरचं घर कधी निजून जात नाही.

आता माझं ऐक. वाजला.

काल दुपारी वाजला. मी बटाटे सोलत होतो. टेबलावर फोन थरथरायला लागला आणि सरकत सरकत काठाकडे आला, एखादा किडा चालावा तसा. वर नंबर. नाव नाही, नुसता नंबर, माझ्या ओळखीचा नव्हे. आस्लोगचा मला पाठ आहे, आणि दुसरं कोण करतं मला फोन? ते लोकच होते.

मी हात पुढे केला होता. खरंच केला होता. तुझं वाक्य आठवलं, फोन वाजला तर उचल. पण हात बटाट्यानं ओला होता, आणि मनात आलं, पुसून घेऊ. पुसेपर्यंत थांबला. लगेच पुन्हा वाजला. मग मी काय केलं सांगू? हसशील. मारेननं विणलेला लोकरीचा मोजा घेतला, फोन त्यात घातला, आणि मोजा पावाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. डब्यातून पुन्हा घुंघुं सुरू झालं. मी कोट घातला आणि जोराच्या वाऱ्यात धक्क्यापर्यंत चालत गेलो. तिथे उभा राहिलो. त्या दिवशी जिथे उभा होतो, तिथेच.

हाल्दीस, मला कळतं सगळं. लवकर कळलेलं बरं, मारेनला कळलं असतं तर बरं झालं असतं, हे मी आस्लोगला स्वतः समजावून सांगितलंय. पण फोन उचलला की मी दुसरा माणूस होणार. आज मी बटाटे सोलणारा एलिंग आहे. उचलल्यावर मी डागवाला. मग बस, बोट, पांढरे कपडे, आणि पुन्हा कोणीतरी धक्क्यावर हात हलवत राहणार. माझ्या बाबतीत तेवढंही कोणी उरलेलं नाही.

संध्याकाळी परत आलो तेव्हा डबा गप्प होता. आज सकाळी पाव खाल्ला नाही. डबा उघडावा लागला असता.

रागावू नकोस.

एलिंग

*

बर्गेन
१७ नोव्हेंबर

एलिंग,

रागावू नकोस म्हणतोस. मी पत्र वाचून आधी हसले, मग बराच वेळ रडले, आणि मग तुला अशा शिव्या दिल्या की शेजारीण दार वाजवून विचारून गेली.

तो फोन माझा होता.

नऊ तारखेचा. दोनदा, आणि मग तुझ्या पावाच्या डब्यात आणखी किती वेळा. रुग्णालयाच्या लांब बोळात एका बाकावर बसून केला होता मी. आयुष्यात पहिल्यांदा तुला फोन केला. नंबर आस्लोगच्या दुकानात विचारून घेतला. तिला म्हटलं, नाताळाच्या भेटीबद्दल विचारायचंय.

आता सगळं सांगते. तुझ्यापासून लपवलं, कारण तू बोटीचं नाव काढलं तरी पांढरा पडतोस, आणि मला वाटलं, याच्या रक्ताचा निकाल यायचा तेव्हा येईल, माझ्यामुळे याची आत्ताच झोप उडायला नको. मी गोठलेल्या अर्ध्यात नाही. मला ऑक्टोबरच्या शेवटी फोन आला. मी उचलला. एका शांत आवाजाच्या बाई होत्या. म्हणाल्या, तुमच्या रक्तात काहीतरी दिसतंय, पण ते आहेच असं नाही, कधीकधी चाचणी उगाच ओरडते, म्हणून आत नीट बघायला हवं. आणि मी पडदे शिवत होते हे खोटं. रुग्णालयाच्या पलंगावर मांडीवर कागद ठेवून लिहिलं होतं.

ओळी कशाला हव्या होत्या ते ऐक. ते मोठं यंत्र असतं, त्यात आडवं सरकवतात. भिंतीतून आवाज येतो, श्वास धरा. धरला. दोन ओळी म्हटल्या, लाट आणि दिवा. पण एलिंग, हे यंत्र त्या बोटीतल्यापेक्षा जास्त वेळ घेतं. दोन ओळी संपल्या आणि अजून "सोडा" म्हणत नव्हते. माझी कविता संपली होती. तेव्हा मी घाबरले. डाग आहे की नाही याला नव्हे. म्हणायला पुढे काही नाही, याला. नवव्या तारखेला दुसऱ्यांदा आत जायचं होतं आणि तुझं पत्र आलेलं नव्हतं, म्हणून बाकावरून फोन केला. दोन ओळी ऐकायच्या होत्या. तुझ्या तोंडून. बाकी काही नको होतं.

डॉक्टर पोरसवदा आहेत. चित्र दाखवत म्हणाले, "इथे एक डाग आहे." मी म्हटलं, "तो माझा जुना आहे, सत्तावन्न सालचा, त्याला हात लावू नका." ते हसले. मग हसणं थांबवून त्यांनी दुसऱ्या बाजूचा दाखवला. वाटाण्याहून लहान. म्हणाले, हा आणखी वर्षभरानं सापडला असता तर आपण वेगळ्या गोष्टी बोलत असतो. तीस तारखेला शस्त्रक्रिया आहे.

सगळे म्हणतात, लवकर सापडलं, नशीब. मीही म्हणते. तुला लिहिताना तर छाती पुढे काढून म्हणत होते, माप वेळेवर घ्यावं. आणि घरी आले की दिवा लावून बसते. या वयात छाती उघडणार. वाटाणा लहान आहे, पण माझ्यात राहतो. तुझी भीती मला आता कळली. उशिरा कळली, पण कळली.

तू मला कधी काही मोठं मागू दिलं नाहीस, आधीच देत आलास. आता मागते. ये.

हाल्दीस

ता.क. आणि डब्यातून फोन बाहेर काढ, मूर्ख माणसा. कॉफी पितोस पण पाव खात नाहीस, हे कुठलं वागणं?

*

सुलेय
२६ नोव्हेंबर

माझी हाल्दीस,

वादळामुळे टपालाची बोट बरेच दिवस आली नाही आणि तुझं पत्र आज सकाळी हातात पडलं. आस्लोगच्या दुकानात उभ्या उभ्या वाचलं. तिनं पत्र माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि फेरीवाल्यांना फोन लावला. पोत्यावर बसवलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "उद्याची सकाळची फेरी सुटणार आहे, मी विचारलंय. तुझ्या नावाची जागा ठेवायला सांगितलीय. आता घरी जा आणि पिशवी भर. मोजे घे. फोन घालायला नव्हे, पायात घालायला."

पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. वाळवलेलं मटण घेतलंय, तुला खाऊ देणार नाहीत ते ठाऊक आहे, पण वास घेशील. मारेनचा दिवा घेतलाय. रुग्णालयाच्या खिडकीत ठेवू देतात की नाही ते बघू. हे पत्र टपालात टाकणार नाही, स्वतः आणून तुझ्या हातात देईन. तरी लिहितोय, कारण तुझ्याशी बोलायची मला दुसरी रीत येत नाही.

तू बाकावर बसलेली होतीस आणि मी वाऱ्यात धक्क्यावर उभा होतो, स्वतःसाठी रडत. तू हाक मारत होतीस आणि मी हाकेला मोज्यात गुंडाळून झाकण लावलं. सत्तावन्नपासून मी स्वतःला समजत आलो की धक्क्यावर राहिलेला मी, सोडून गेलेली तू. या वेळी मी बोटीत येतोय.

भीती गेलेली नाही, ते खोटं सांगणार नाही. पण ती आता दोन जागी विभागली आहे, आणि तुझ्याकडची जास्त जड आहे. त्यामुळे माझी उचलवते. तीस तारखेला तू आत जाशील तेव्हा मी दाराबाहेर उभा राहीन आणि चारही ओळी म्हणेन. कितीही वेळ लागू दे, पुन्हा पहिल्यापासून म्हणेन. तुझी कविता संपू देणार नाही.

मघाशी डबा उघडला. पावाला बुरशी आली होती, फोन मेला होता. चार्जिंगला लावलाय. थोडा जीव आला तसा पडद्यावर न उचललेल्या फोनांची रांगच लागली. दोन नंबर आहेत. एक नऊ तारखेचा, तो तुझा, हे आता कळलं. दुसरा त्यानंतरचा. त्या आठवड्यात रोज, आणि फोन बंद असताना कालही आला होता, असा फोन कंपनीचा निरोप आहे. कोण जाणे, विमा विकणारे असतील. हल्ली फार मागे लागतात. मी तो पाहिला आणि फोन पालथा ठेवला. हे पत्र संपलं की पहिला फोन तुला करणार आहे. तू उचल हं.

बाहेर उजेड कमी होत चाललाय. दुपारची फेरी आत्ताच लागलेली दिसली, इतक्या वादळानंतरची पहिली. भोंगा वाजला, दोन लांब. मी तिसऱ्यासाठी कान देऊन बसलो, पण वाऱ्यात तो हरवला असावा, किंवा वाजलाच नसेल.

दार वाजतंय. आस्लोग असेल, पण आस्लोग कधी दार वाजवत नाही, सरळ आत येते. थांब, बघून येतो.

हाल्दीस, पेन हातात आहे तोवर लिहितो. ती दाराशी बूट काढतेय, फेरीच्या खाऱ्या पाण्यानं ओली झालीय. लाल हातमोजे काढले आणि एकमेकांवर ठेवून माझ्याकडे नीट बघितलं. पिशवीकडे बघितलं. पिशवीतून डोकावणाऱ्या दिव्याकडे बघितलं. बसमधल्यासारखी चुरचुरीत नाही, अगदी हळू बोलली.

"एलिंग आजोबा, कॉफी आहे का?"